पाचवा ठिपका

आमच्या धंद्यात चोरीला चोरी म्हणत नाहीत, संदर्भ म्हणतात. नव्या ॲपचं काम आलं की पहिले तीन दिवस कोणी कागदावर रेघसुद्धा ओढत नाही. दुसऱ्यांची वीस ॲप उघडायची, त्यांच्या स्क्रीनचे फोटो काढायचे, रंगीत छापायचे आणि खिडकीजवळच्या भिंतीला टाचायचे. वीस म्हणजे वीस, एकोणीस चालत नाहीत. त्या भिंतीला आम्ही ‘शेजार’ म्हणायचो. मग हातात कप घेऊन शेजाराकडे बघत उभं राहायचं, आणि कोणी विचारलं तर विचार चाललाय म्हणून सांगायचं. आपलं ठेवायचं झाकून आणि दुसऱ्याचं बघायचं वाकून, ही म्हण आमच्यासारख्याच कोणा पगारी माणसानं केली असणार.

त्या कंपनीत मी अकरा वर्षं काढली. फोनवर तुमचं बोट कुठे जाईल, गेल्यावर काय हलेल, कुठला रंग दिसेल, हे ठरवणं माझं काम. मालकांना आम्ही समोर सर म्हणायचो आणि पाठीमागे सुविचार, कारण रोज सकाळी नऊच्या ठोक्याला ते सगळ्यांना एक सुविचार पाठवायचे. प्रोग्रॅम लिहिणारा होता तो दिवसाला सहा वाक्यांच्या वर बोलत नसे, म्हणून तो मौनीबाबा. बाकीचे आठ जण ह्या गोष्टीत येत नाहीत.

दोन वर्षांपूर्वी आमच्याकडे एका मोठ्या हॉस्पिटलचं काम आलं. आत ऑपरेशन चालू असतं तेव्हा बाहेर बसलेल्यांचा जीव टांगणीला लागलेला असतो. ते दर पाच मिनिटांनी खिडकीवरच्या बाईला विचारतात, बाई वैतागते, मग ते दुसऱ्या खिडकीवर जातात. हॉस्पिटलचं म्हणणं, आत काय चाललंय ते नातेवाइकांना फोनवरच दिसू दे, म्हणजे आमच्या खिडक्या सुटतील. काम चांगलं होतं. मला ते मनापासून आवडलं होतं. आज हे सांगताना विचित्र वाटतं, पण आवडलं होतं हे खरं आहे.

शेजार भरला. विमानाची ॲप, टॅक्सीची, कपडे धुऊन देणाऱ्यांची, सामान घरपोच करणाऱ्यांची. तिसऱ्या दिवशी माझी नजर त्या घरपोचवाल्यांच्या एका पट्टीवर अडकली. एका रेघेवर पाच ठिपके होते. ऑर्डर मिळाली, बांधली, निघाली, जवळ आली, पोहोचली. एकेक ठिपका भरत जातो, आणि पाचवा हिरवा होऊन त्यात बरोबरची खूण उमटते. ती पट्टी बघून माणूस गप्प बसतो, उठून दारातून डोकावत नाही. मला नेमकं हेच हवं होतं. मी पट्टी जशीच्या तशी उचलली आणि शब्द बदलले. नोंद झाली, तयारी, ऑपरेशन सुरू, शेवटचा टप्पा, पूर्ण.

आता अगदीच उचलली म्हणवेना, म्हणून त्यात मी पदरचं एक घातलं. पाचवा ठिपका हिरवा झाला की ती खूण एक लहानशी उडी मारायची. किंचित वर, मग खाली, आणि फोन हातात हलकेच थरथरायचा. उडी किती उंच असावी ह्यावर मी दोन दिवस घालवले. जास्त झाली की पोरकट दिसायची, कमी झाली की दिसायचीच नाही. जमली तेव्हा मौनीबाबानं सहाचा कोटा मोडून सातवं वाक्य खर्च केलं. “बघून बरं वाटतं,” तो म्हणाला.

चाचण्याही घेतल्या, नाही असं नाही. बॅटरी संपली तर, रेंज गेली तर, एकाच नावाचे दोन पेशंट असले तर, फोन घरी विसरला तर. नऊ अडचणी लिहून काढल्या आणि नऊही सोडवल्या. दहावी कोणाला सुचली नाही. ज्यांची पट्टी उचलली त्यांनाही ती कधी सुचली नव्हती, कारण त्यांना तिची गरजच नव्हती. पार्सल हरवतं, फुटतं, चुकीच्या घरी जातं. पार्सल मरत नाही, आणि आम्ही पट्टी पार्सलवाल्यांची घेतली होती.

सरांनी ते काम एका स्पर्धेला पाठवलं. अर्जात ‘ह्या रचनेत स्वतंत्र असं काय आहे’ असा एक रकाना होता, तो भरायचं माझ्याकडे आलं. ‘कोणत्याही प्रचलित नमुन्याचा आधार न घेता, नातेवाइकांच्या मनःस्थितीच्या सखोल अभ्यासातून’ अशी मी सुरुवात केली. हे लिहीत होते तेव्हा माझ्या डोक्यावर भिंतीला ते वीस कागद टाचलेले होते. सखोल अभ्यास म्हणाल तर मी त्या हॉस्पिटलात एकदा गेले होते, तेही करारावर सह्या होत्या म्हणून. बक्षीस मिळालं. सुविचारांनी प्रमाणपत्र काचेत घालून दारासमोर लावलं आणि दुसऱ्या दिवशीचा सुविचार स्वतः रचला.

पुढचे आठ महिने सगळं सुरळीत चाललं. मग एका मंगळवारी एक बाई ऑपरेशनला आत गेल्या. वय एकसष्ट, ऑपरेशन साधं म्हणून सांगितलेलं. तीन वाजून शेहेचाळीस मिनिटांनी त्या टेबलावरच गेल्या. थोड्या वेळात अपघाताचा एक पेशंट आला, त्याला तेच टेबल हवं होतं, आणि आमच्या ॲपमध्ये आधीचा पेशंट बंद केल्याशिवाय पुढचा घेता येत नसे. बंद करायला नर्सच्या स्क्रीनवर एकच बटण होतं, पूर्ण. चार वाजून बारा मिनिटांनी तिनं ते दाबलं. तिला बोल लावून काय उपयोग, दुसरं बटण आम्ही दिलंच नव्हतं. बाहेर खुर्चीवर बसलेल्या नवऱ्याच्या हातात फोन थरथरला, ठिपका हिरवा झाला आणि खुणेनं उडी मारली. डॉक्टर हात धुऊन, कागद भरून बाहेर आले तेव्हा चार वाजून एकवीस मिनिटं झाली होती.

आम्हाला हे बुधवारी सकाळी कळलं. हॉस्पिटलनं त्यांच्या वेळा पाठवल्या, मौनीबाबानं आमच्या वेळा काढल्या आणि दोन्ही एकाखाली एक ठेवून मोठ्यानं वाचल्या. त्या दिवशी तो सहाच्या पुढे गेला आणि कोणाला हसू आलं नाही. आम्ही खूण काढली, उडी काढली, नर्सला दुसरं बटण दिलं. ते दाबलं की बाहेर एवढंच दिसतं, ‘डॉक्टर तुमच्याशी बोलायला येत आहेत’.

मला वाटलं होतं मी रडेन. रडू आलं नाही. दाढ काढायला भूल देतात तेव्हा आपल्याच गालाला हात लावला तरी तो आपला वाटत नाही, तसं झालं, फक्त गालापुरतं राहिलं नाही. मी जेवत होते, झोपत होते, इस्त्रीचे कपडे आणत होते. ऑफिसात शेजारच्या टेबलावरची विचारायची, ठीक आहेस ना? ठीक होते, तीच तर भानगड होती. मी आरशासमोर उभी राहून मुद्दाम त्या बाईंचा विचार करून बघितला. चेहरा माहीत नव्हता, त्यामुळे विचार कुठे धरायचा तेच कळेना.

सरांनी हॉस्पिटलला पत्र लिहिलं आणि सही करण्याआधी मला वाचायला दिलं. ‘पाच टप्प्यांची पट्टी आणि हिरवी खूण ही जगभर रूढ असलेली पद्धत आहे. आमच्या कंपनीची म्हणून त्यात वेगळी अशी कोणतीही रचना नाही.’

“सर, दारासमोर प्रमाणपत्र आहे,” मी म्हणाले.

“उतरवायला सांगितलंय.”

“आणि अर्जात मी लिहून दिलंय की कुठलाही आधार न घेता...”

“ते तू लिहिलंस,” सर म्हणाले. “मला काय माहीत तू आधार कुठला घेतलास.”

म्हणजे बक्षीस होतं तेव्हा रचना आमची, आणि बाई गेली तेव्हा जगाची. हात वर करावेत ते आमच्या सरांनी. पण खरं सांगते, मला त्यांचा रागही आला नाही. मी पत्रातला एक स्वल्पविराम दुरुस्त केला आणि परत दिलं.

घरी मी आणि ताई, दोघीच असतो. ताई माझी मोठी बहीण, बावीस वर्षं ऑपरेशन थिएटरमध्ये नर्स आहे, दुसऱ्या हॉस्पिटलात. तिच्या ड्यूट्या आणि माझी कामं ह्यात आमची गाठ जेवणाच्या टेबलावरच पडते. त्या आठवड्यात मी तिला काही सांगितलं नव्हतं. रविवारी दुपारी सहज विचारल्यासारखं विचारलं.

“पेशंट टेबलावर गेला तर तुमच्याकडे बाहेर कसं सांगतात गं?”

“कसं म्हणजे? डॉक्टर जाऊन सांगतात.”

“तोपर्यंत?”

“तोपर्यंत काही नाही. मी दारात जाऊन उभी राहते. आतला एक शब्द बाहेर जाऊ द्यायचा नाही, तोंडावरसुद्धा काही दिसू द्यायचं नाही. कोणी वॉर्डबॉय हसत बाहेर गेला तरी लोकांना वाटतं, झालं, सुटलो.”

“हे लिहिलेलं असतं कुठे?”

“लिहायला कशाला पाहिजे? पहिल्या आठवड्यात शिकवतात.” तिनं पाण्याचा पेला भरला आणि तसाच ठेवला. “तुमचं ते ॲप... काही झालं का?”

मी सगळं सांगितलं. अहवाल वाचावा तसं, वेळांसकट. ताई ऐकत राहिली. तिचा चेहरा कामावरचा झाला, काही न दिसणारा.

“करत होतात तेव्हा मला का नाही विचारलंस?” ती म्हणाली. “सहा महिने इथे बसून मला त्या उडीच्या गमती सांगत होतीस.”

काखेत कळसा आणि गावाला वळसा. मी सातासमुद्रापलीकडची टॅक्सीची ॲप बघून आले आणि समोर बसून भात खाणाऱ्या बाईला विचारायचं मला सुचलं नाही. सुचणार कसं, ताई काही भिंतीला टाचलेली नव्हती. “चुकलं,” मी म्हणाले. ताईनं माझ्या पाठीवर हात ठेवला. हात ठेवलाय हे मला कळलं, पण त्याचं काय करायचं ते कळलं नाही.

पुढच्या आठवड्यात हॉस्पिटलच्या कचेरीतून एक पाकीट आलं. त्या बाईंचा नवरा शिंपी होता. दुकानात गिऱ्हाइकाचं माप लिहून घ्यायची चिठ्ठी असते ना, छाती, कंबर, बाही असे रकाने छापलेली, तिच्या मागच्या कोऱ्या बाजूला त्यानं लिहिलं होतं. ‘भांडायला बोलावत नाही. एकच गोष्ट विचारायची आहे. फोनमधलं ते ज्यानं केलं त्यालाच ती माहीत असणार. त्यानं एकदा दुकानात यावं.’

सरांनी मला केबिनमध्ये घेतलं. “कोणी जायचं नाही,” ते म्हणाले. “वकिलांनी बजावलंय. वेळांबद्दल तर अवाक्षर नाही. तू गेलीस तर कंपनीनं कबूल केल्यासारखं होतं, आणि मग मला तुला ठेवता यायचं नाही. आत्ताच सांगून ठेवतो, नंतर सर, सर करू नकोस.”

मी शनिवारी गेले. ह्यात काही शौर्य नव्हतं. नोकरी जाईल ह्याची भीती वाटायला हवी होती तीही वाटत नव्हती. फक्त ‘ज्यानं केलं’ हे दोन शब्द डोक्यातून जाईनात. कोणी केलं? त्या वीस कागदांनी, सरांनी, स्पर्धावाल्यांनी, की मी? पत्रात आम्ही लिहिलं होतं की कोणीच नाही. मग तो शिंपी बिचारा कोणाची वाट बघणार होता?

दुकान एका जिन्याखाली होतं, तीन माणसं उभी राहिली की भरेल एवढं. दोन मशीन, एक आरसा, एक पडदा. एका मशीनवर चादर टाकलेली. गळ्यात टेप अडकवलेला एक हडकुळा माणूस दुसऱ्या मशीनवर विजारीची शिलाई उसवत बसला होता. मी कुठून आले ते सांगितलं. त्यानं स्टूल पुढे सरकवलं.

“बाई माणूस असेल असं वाटलं नव्हतं,” तो म्हणाला. “बसा.”

“काका, झालं ते फार वाईट झालं,” मी म्हणाले, आणि मग जीभ आपोआप पत्राकडे वळली. “म्हणजे ती पट्टी सगळीकडे तशीच असते. पद्धतच आहे ती. आम्ही दुसऱ्यांचं बघून...”

“ते माहिताय मला. दोरे, बटणं मागवतो की मी. सेम टु सेम तसंच दिसतं.” त्यांनी कात्री खाली ठेवली. “नमुना दुसऱ्याचा असला म्हणून काय झालं? आम्ही दोघांनी पस्तीस वर्षं दुसऱ्यांचेच नमुने कापले. तुमचं तुम्ही केलंत का कुणाचं उचललंत, त्याच्याशी मला काही देणंघेणं नाही. पण दोऱ्यांची ऑर्डर येते तेव्हा ती खूण नुसती येते. हिच्या वेळी तिनं उडी मारली. ती कोणी मारायला लावली?”

“मी,” मी म्हणाले.

“मग तुमच्याशीच काम आहे.”

त्यांनी सांगितलं ते असं. खुणेनं उडी मारली तेव्हा ते उभेच राहिले. बाजूच्या अनोळखी माणसाला फोन दाखवला, त्यानं खांद्यावर थाप मारली. मग परगावी मुलीला फोन लावला. ती तिकडे रडायला लागली, हे इकडे हसायला लागले, आणि दोघं मिळून आईची टिंगल करत बसले की शुद्धीवर आल्याबरोबर म्हणेल, दुकान बंद ठेवून इथे काय करताय. फोन ठेवून काका बाथरूममध्ये गेले. तोंड धुतलं, केस ओले करून नीट विंचरले, शर्टाची कॉलर सारखी केली. सकाळपासून अवतार झाला होता आणि बायकोला तसं दिसलेलं चालायचं नाही. बाहेर आले तर डॉक्टर त्यांना शोधत होते.

“इतकं बरं मला जन्मात वाटलं नव्हतं,” काका म्हणाले. “लग्नात नाही, मुलगी झाली तेव्हाही नाही. खोटं कशाला बोलू.”

त्यांनी विजार मांडीवरून काढून मशीनवर ठेवली.

“मुलगी म्हणते, खूण आली तेव्हा आई होती. ऑपरेशन पूर्ण झालं होतं, बिघडलं ते मागाहून. नाहीतर पूर्ण असं येईल कशाला, म्हणते. हॉस्पिटलच्या कागदावर वेळ लिहिलीय, पण ती म्हणते त्यांची घड्याळं मागेपुढे असतात. मी तिला बरं म्हणतो.” त्यांनी गळ्यातली टेप काढली आणि बोटांवर गुंडाळायला लागले. “डॉक्टरांना विचारलं तर ते बोलायला लागतात आणि मला काही समजत नाही. तुम्ही केलंय ते, तुम्हाला आतली गोष्ट माहीत. तेवढीच सांगा. मी हसत होतो तेव्हा ती होती का?”

‘होत्या’ एवढा एक शब्द पुरला असता. कोणाला पत्ता लागला नसता. सरांनी तर पाठ थोपटली असती. काकांची ती नऊ मिनिटं त्यांच्यापाशी धड राहिली असती, मुलीचीही राहिली असती. आणि बघणारा गप्प बसेल असं काहीतरी त्याच्यापुढे ठेवणं मला अवघड नव्हतं. अकरा वर्षं मी दुसरं काय केलं होतं? शब्द अगदी तोंडात आला. पण काका माझ्याकडे बघत होते, आणि त्यांना बरं वाटावं म्हणून मी काहीतरी एकदा करून बसले होते.

“नव्हत्या,” मी म्हणाले. “सव्वीस मिनिटं आधीच गेल्या होत्या.”

टेप गुंडाळायची थांबली.

“म्हणजे मी केस विंचरत होतो तेव्हा...”

“हो.”

बराच वेळ ते आरशाकडे बघत राहिले. रस्त्यावरून कोणीतरी विचारलं, माझी पँट झाली का, तर त्यांनी हातानंच उद्या म्हणून खूण केली.

“मला आतून वाटतच होतं,” ते शेवटी म्हणाले. “कोणी सरळ सांगत नव्हतं. आता सांगितलंत ते बरं केलंत. पोरीला नका सांगू. तिच्याकडे असू दे ते.”

“नाही सांगणार.”

त्यांनी विजार पुन्हा मांडीवर घेतली, उसवलेल्या शिलाईवरून अंगठा फिरवला, पण कात्री उचलली नाही.

“आता ते दुरुस्त केलंय म्हणाले हॉस्पिटलवाले.”

“हो. दुसऱ्याच दिवशी.”

“किती वेळ लागला?”

कारागिरानं कारागिराला विचारावं तसं विचारलं, त्यात टोचणं नव्हतं. त्यांना खरोखरच जाणून घ्यायचं होतं.

“चाळीस मिनिटं,” मी म्हणाले.

“एवढंच?”

“त्यात चहाही झाला.”

मी खाली बघत बसले. मला लाज वाटली, इतकी की तिथून उठवेना.